चुकीच्या ओळीनं पटवलं

‘हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं’ असं टीममध्ये कुणी म्हणालं की बाकीचे आधी माझ्याकडे बघायचे. माझा विरोध ठरलेला असायचा. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, वजनकाट्याची पावती, शेतकऱ्याचं बिल, तोडणी-वाहतुकीची कपात, सगळं आमच्या कोडमध्ये आहे. त्या कोडबद्दलचं शहाणपण माणसांच्या डोक्यातच राहतं, कागदावर उतरवलं की नासतं, असं मी जाहीरपणे आणि थोड्या मिजाशीनं सांगत आले. आज त्याच टीमनं एआय एजंटांसाठी केलेल्या सामायिक फाइलींची राखण माझ्याकडे आहे. हे कसं झालं ते लिहायला बसले, कारण विचारणारे बरेच आहेत आणि काहींच्या विचारण्यात खोच आहे.

माझ्या विरोधामागे आळस नव्हता. पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाचा १९८५ सालचा एक निबंध माझ्या डोक्यात पक्का बसला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाहेरच्या जगातला व्यवहार आणि कोड यांचा मेळ लिहिणाऱ्याच्या मनात बसलेला असतो, तो मेळ म्हणजे खरा प्रोग्राम. ती माणसं पांगली की कोड चालू राहतो, पण प्रोग्राम मेलेला असतो. कागदपत्रं वाचून त्याला उठवता येत नाही. आपल्याकडे हा निबंध न वाचलेल्यांनाही हे अनुभवानं ठाऊक आहे. नोटिस पीरियडमधली केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आठवा. जाणारा माणूस स्क्रीन शेअर करून बोलतोय, ऐकणारे म्यूटवर दुसरं काम उरकतायत, आणि रेकॉर्डिंग अशा फोल्डरमध्ये जातंय जो पुन्हा कुणी उघडणार नाही.

विकीबद्दल तर बोलायलाच नको. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला, तो प्रोग्रामर मंडळींनी आपला अनुभव एकमेकांना सांगावा म्हणूनच. आमच्या विकीच्या पहिल्या पानावर ‘अडचण आल्यास संपर्क’ म्हणून ज्यांची नावं होती, त्यातले एक कॅनडात होते आणि दुसरे शेती करत होते.

मग २०२५ मध्ये आमच्याकडे कोड लिहून देणारे एआय एजंट आले. कुणी क्लॉड कोड वापरू लागलं, कुणी कर्सर, कुणी कोपायलट. कोड वाचण्यात ही यंत्रं तरबेज निघाली. कुठलं फंक्शन कुठून बोलावलं जातं हे ती माझ्यापेक्षा लवकर शोधतात, हे मान्य करायला मला जड गेलं नाही. अडचण होती ती कोडमध्ये न दिसणाऱ्या गोष्टींची, आणि आमच्या धंद्यात त्याच जास्त. साखरेचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतं. हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च. आमच्या काही टेबलांत ‘२०२४-२५’ म्हणजे पहिलं आणि काहींत दुसरं. उसाचे प्रकार आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा. रकान्यांची नावंही तीच. एका एजंटनं ‘खोडवा’ रकाना असताना शेजारी ‘रटून’ या त्याच्याच इंग्रजी नावाचा नवा रकाना काढून ठेवला, आणि अर्धा डेटा एकात, अर्धा दुसऱ्यात जाऊ लागला.

सगळ्यात वाईट गोष्ट फॉन्टची. जुन्या टेबलांत शेतकऱ्यांची नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत भरलेली आहेत. तो फॉन्ट लावला की स्वच्छ मराठी नाव दिसतं, नाही लावला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमीड. एजंटला ती गिचमीडच दिसते. त्याला वाटतं डेटा खराब झालाय, आणि तो मोठ्या नम्रपणे साफ करून द्यायची तयारी दाखवतो. हजारो सभासदांची नावं पुसण्याची ती तयारी असते. आमच्या एका मुलानं हे रिव्ह्यूमध्ये पकडलं आणि ‘या टेबलांतल्या नावांना हात लावायचा नाही’ अशी सूचना आपला एजंट दर सत्राच्या सुरुवातीला वाचतो त्या फाइलीत लिहिली. आपल्या मशीनवर, फक्त आपल्यापुरती. थोड्याच दिवसांत शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीच्या एजंटनं तेच साफसफाईचं काम काढलं. एजंटचं प्रत्येक सत्र कोऱ्या पाटीनं सुरू होतं. काल दुसऱ्याच्या एजंटला काय सांगितलं ते त्याला कळायचं काही कारण नाही.

तेव्हा मुलांनी सुचवलं की आपापल्या फाइली एकत्र करू, रिपॉझिटरीतच ठेवू, ‘एजंट्स डॉट एमडी’ या नावानं, म्हणजे बरीचशी साधनं ती वाचतील. मी नेहमीचं बोलले. सहा महिन्यांत हिचा विकी होईल. पण हट्ट धरला नाही; मुलं करतायत तर करू देत म्हटलं. त्यांनी उत्साहात जुन्या विकीतली बरीच पानं त्यात घातली.

आणि त्यातल्या एका चुकीच्या ओळीनं माझं मत हलवलं.

राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्णय काढला होता की एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, शेतकऱ्याला दोन हप्त्यांत द्यावा. शेतकरी संघटनांनी त्याला विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. मूळचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला: ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. विकीवर मात्र २०२२ चं ‘एफआरपी दोन हप्त्यांत’ हे वाक्य तसंच होतं, आणि तिथून ते नव्या फाइलीत आलं. थकीत रकमेचा अहवाल करायला सांगितल्यावर एजंटनं इमानेइतबारे रक्कम दोन हप्त्यांत तोडली. कोड नेटका, टेस्टसुद्धा लिहिलेल्या. त्याच संध्याकाळी रिव्ह्यूत टीममधल्या आमच्या जुन्या सरांनी विचारलं, हे हप्ते कुठून आले? शोध घेतला तर ओळ सापडली. ती खोडली, खरा नियम आणि त्यामागचं कारण लिहिलं, काम संपलं.

बाकीच्यांनी सुस्कारा सोडला. मी मात्र त्या ओळीशी बराच वेळ अडून राहिले. निकालानंतर हेच वाक्य विकीवर पडून होतं आणि कुणाचंही काही बिघडलं नव्हतं, कारण ते कुणी वाचतच नव्हतं. फाइलीत आल्यावर त्याची चूक पहिल्याच कामात उघडी पडली. लिहिलेलं ज्ञान नासतं हे माझं निरीक्षण बरोबर होतं, पण कारण मी लिखाणाच्या स्वभावात शोधत होते. ते न वाचलं गेल्यामुळे नासत होतं. माणूस पान वाचतो, अर्धं विसरतो, उरलेल्यावर स्वतःची अक्कल चालवतो, त्यामुळे पानातली चूक पचून जाते. एजंट दर वेळी वाचतो आणि बहुतेकदा तसंच करतो. असा भाबडा आणि नियमित वाचक आमच्या कागदपत्रांना याआधी कधी मिळाला नव्हता. नाउर यांच्या प्रोग्रामरला डोकं होतं, त्यात मेळ बसवता येत होता. इथे डोकं रोज नवं. म्हणजे ज्या निबंधाच्या आधारावर मी लिहायला विरोध करत होते, तोच आता लिहायला सांगत होता.

यानंतर मी फाइल ताब्यात घेतली आणि पहिलं काम कापाकापीचं केलं. विकीतून आलेलं जवळपास सगळं गेलं. कोड काय करतो याचं वर्णन गेलं. ते एजंटला स्वतः वाचता येतं. ‘स्वच्छ कोड लिहावा’ छापाचे सुविचार गेले. शिवाय लांबी घातकच आहे. लांब मजकुराच्या मधोमध असलेली गोष्ट भाषा-मॉडेलांच्या हातून निसटते, हे २०२३ मध्ये एका शोधनिबंधानं प्रयोगांनी दाखवलं होतं. मॉडेलं तेव्हापासून सुधारली, तरी आमचा अनुभव वेगळा नाही. आता मुख्य फाइल छोटी आहे. बिल, काटा, नोंदणी या भागांच्या फाइली त्या-त्या फोल्डरमध्ये आहेत. उरलं ते असं: काय करायचं नाही, का नाही, आणि कुठला मार्ग करून बघितला आणि सोडला. एफआरपीचा दर फाइलीत लिहीतच नाही. २०२४-२५ ला तो क्विंटलला ३४० रुपये होता, २०२५-२६ ला ३५५ झाला. असा आकडा कोणत्या टेबलात सापडेल तेवढंच लिहितो. पासवर्ड आणि शेतकऱ्यांची माहिती कधीच नाही.

एजंटला नोंदी लिहू देत नाही, यावर मुलं अजून माझ्याशी भांडतात. ती सत्राच्या शेवटी ‘आज काय शिकलास ते फाइलीत घाल’ म्हणून मोकळी व्हायची, आणि तो झकास, गोल, पटणारं लिहायचा. त्यातलं खरं किती हे तपासायला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. त्यानं मसुदा करावा, हरकत नाही. पण नोंद माणसाच्या नावानं, तारखेसह, कोडसारखीच पुल रिक्वेस्टमधून येते आणि दुसरा माणूस ती तपासतो.

ही पद्धत माझी नाही. झेरॉक्स कंपनीतले मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडले आणि त्यावर त्यांनी १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. तंत्रज्ञांचं खरं ज्ञान मॅन्युअलमध्ये नव्हतं. ते जेवताना, चहा-कॉफी घेताना एकमेकांना यंत्रांच्या गोष्टी सांगत, त्यात होतं. झेरॉक्सनं पुढे ‘युरेका’ नावाची प्रणाली केली. तंत्रज्ञानं आपली युक्ती लिहायची, अनुभवी तंत्रज्ञानं ती पारखायची, आणि ती सगळ्यांपर्यंत लिहिणाऱ्याच्या नावानिशी पोचायची. तिच्या यशात या नावाचा मोठा वाटा होता असं मला वाटतं.

नावावरून सरांची गोष्ट सांगायलाच हवी. ते आमच्यातले सगळ्यात जुने. कारखान्यांच्या शेतकी विभागातल्या, लेखा विभागातल्या लोकांशी त्यांचं फोनवर रोजचं बोलणं असतं. नोंदी लिहायला मी त्यांच्याशेजारी बसू लागले तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, ‘‘मॅडम, हे सगळं त्यात गेलं की मग मी कशाला?’’ माझ्याकडे ठाम उत्तर नव्हतं, आजही नाही. व्यवस्थापनातल्या एका गृहस्थांनी ‘आता सगळं लिहून झालंय ना?’ असं मला विचारलेलं आहे, आणि त्या प्रश्नाचा रोख मला कळतो. माझ्या हातात होतं तेवढं केलं: बिल आणि काट्याच्या फाइलीत सरांच्या संमतीशिवाय ओळ जात नाही, आणि त्यांनी सांगितलेल्या नोंदींखाली त्यांचंच नाव आहे. हप्त्यांची चूक फाइलीमुळे उघडी पडली खरी, पण ती ओळखली सरांनी. ते नसते तर नेटका कोड आणि टेस्टांसकट ती चूक पुढे गेली असती. त्या गृहस्थांना मी हे सांगितलं. त्यांना पटलं की नाही, ते पुढच्या बजेटमध्ये दिसेल.

नाउरही पूर्ण मोडीत निघालेले नाहीत. आमचा एक नियम आहे: काट्याची पावती पुसायची नाही, उलटी नोंद करायची. पावती हा शेतकऱ्याचा पुरावा आहे. एकदा चाचणीच्या डेटाबेसमधल्या खोट्या पावत्या काढून टाकायला सांगितलं, तर एजंटनं त्या सगळ्यांच्या उलट्या नोंदी केल्या. नियम त्यानं पाळला, पण तो कुणासाठी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. एक ओळ वाढवून ते भागलं. असे अपवाद मात्र संपणारे नाहीत, आणि पुढचा अपवाद ओळखायला कारखान्याच्या आवारात गळीत हंगामाच्या रांगेत उभं राहिलेला माणूसच लागणार आहे.

राहिली एक गोष्ट, जी मला स्वतःला टोचते. दर जूनमध्ये आमच्याकडे कॉलेजातून मुलं यायची. साखर-वर्षाचा घोळ, फॉन्टची गिचमीड, खोडवा, सगळ्यात प्रत्येक जण ठेचकाळायचा, आणि ‘असंच शिकतात’ असं आम्ही कौतुकानं म्हणायचो. त्यांच्यासाठी आम्ही एक पान लिहिलं नाही. यंत्र अडखळलं तेव्हा मात्र सगळे लिहायला बसलो. मुलं चुकली की त्यांचा वेळ जायचा, यंत्र चुकलं की आमचा जातो, एवढंच कारण मला दिसतं. आता नवी मुलं ती फाइल वाचतात आणि लवकर तयार होतात. पण प्रश्न विचारायला उठून येणंही कमी झालंय. आधी एजंटला विचारतात. हे मला आवडत नाही, म्हणून नव्या मुलांना कामाला लावण्याआधी एका हंगामात तरी कारखान्यावर पाठवायचा आग्रह मी धरला आहे.

तुमच्या टीममध्ये अशी फाइल सुरू करणार असाल तर जुना विकी तिच्यात ओतू नका. रिव्ह्यूमध्ये जे वाक्य तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिताय, ती पहिली नोंद करा, तिच्याखाली आपलं नाव आणि तारीख घाला. आणि तुमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाशेजारी खुर्ची ओढून बसा, त्यांचा नोटिस पीरियड सुरू व्हायची वाट न बघता.