पिशवीवर नाव नसतं

थॅलेसेमिया मेजर हे निदान झालं तेव्हा आमची मुलगी ८ महिन्यांची होती. पांढरीफटक, दूध ओढतानाही दमणारी. आम्हा नवराबायकोची तपासणी झाली तर दोघेही 'मायनर', म्हणजे नुसते वाहक. दोघांनाही आयुष्यात त्याचा कधी त्रास नव्हता. पण असे दोघे आईबाप झाले की प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता मेजरची. तिच्या अंगात तांबड्या पेशी धड तयारच होत नाहीत. म्हणून दर तीनेक आठवड्यांनी रक्त चढवायचं.

किती जणांचं रक्त तिच्यात गेलं याचा हिशेब ठेवलेला नाही. ठेवून दाखवणार कुणाला? पिशवीवर रक्तगट असतो, रक्त घेतल्याची तारीख, मुदत आणि एक नंबर. देणाऱ्याचं नाव नसतं, आणि नसावंच. पण मी चाकणला कारखान्यात कामाला. भोसरी, तळवडे, महाळुंगे इथल्या शिबिरांत शिफ्ट सुटल्यावर खाटेवर आडवी होणारी पोरं मी पाहतो. कुणी लातूरचा, कुणी बुलढाण्याचा, कुणी थेट बिहारचा. बहुतेक कंत्राटी; पुढच्या वर्षी कुठे असतील, त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. त्यांच्यातलाच कुणीतरी असणार.

एक ऋण मात्र चेहऱ्यासकट समोर आहे. मुलीला रक्त चढवायला नेलं की शेजारच्या खाटेवर पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी आजीचा नातू असायचा. फाळणीनंतर तिथे वसलेल्या सिंधी लोकांत या आजाराचे वाहक जास्त, त्यामुळे त्यांना तो आमच्याआधी माहीत. आमच्या घरी रक्त वाढावं म्हणून खजूर, गूळ, बीट असा मारा चालू होता. सासूबाई लोखंडी कढईत मुद्दाम भाजी करून पाठवायच्या. त्या आजींनी, म्हणजे आमच्या आंटींनी, डबा पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, लोखंडच तर नकोय हिला!" एका पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगात येतं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. काळजात, यकृतात साठत जातं. डॉक्टरांनी हे सांगितलं होतंच, पण तेव्हा आमच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. पुढे लोह काढायची गोळी पाण्यात विरघळवून उपाशीपोटी कशी पाजायची, साठलेलं लोह दाखवणारा फेरिटीनचा कागद फाइलीत सगळ्यांत वर का ठेवायचा, हे सगळं आंटींनी शिकवलं. पिशवी लागली की पहिली १५ मिनिटं पोरीच्या तोंडावरची नजर हलवायची नाही. हुडहुडी भरली, अंगावर पित्त उठलं, की सिस्टरला हाक. मोबाइल त्या काढूनच घ्यायच्या माझ्या हातातून.

फेड करावी म्हणून कंपनीच्या शिबिरात रांगेत उभा राहिलो. बोटाला टोचलं, तर हिमोग्लोबिन ११.५. १२.५ लागतं. मायनरवाल्यांचं बऱ्याचदा कमीच असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. माझा भाऊ तयार होता. पण सख्ख्या नात्यातलं रक्त तिला नको, पुढेमागे अस्थिमज्जा बदलायची वेळ आली तर अडचण होते. म्हणजे घरचे सगळे बाद आणि परके तेवढे उरले.

तेव्हापासून शिबिरात टेबलावर बसून फॉर्म भरून घेतो. तिथे बसल्यावर एक कळलं. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी ढीगभर पिशव्या जमतात, वर दात्याला हेल्मेट किंवा डबा भेट. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, कामगार गावी, की रक्तपेढ्यांचे फ्रिज रिकामे. पुढाऱ्यांच्या त्या वाढदिवसाच्या फ्लेक्सांचा मला राग येतो. पण त्यांच्याच एखाद्या पिशवीवर आमची पोर तीन आठवडे खेळली असेल, हेही डोक्यात येतं, मग गप्प बसतो.

एचआरच्या साहेबांच्या मागे लागलो, शिबिर मेमध्ये घ्या. ते म्हणाले, "अहो, मेमध्ये माणसंच नसतात." म्हटलं, "म्हणूनच तर." गेल्या वर्षी घेतलं. पिशव्या थोड्याच जमल्या, पण जमल्या. आता दुसऱ्या शिफ्टच्या पोरांसाठीही ठेवा म्हणतोय. रात्री उशिरा रक्तपेढीचं पथक थांबायला तयार नाही, त्यावर अजून तोड निघालेली नाही.