अर्ध्या तिकिटाचा हिशेब

वाचकहो, सचोटीवर लिहिलेला लेख वाचायला बसताना मनात थोडा कंटाळा येतो, हे मी जाणून आहे. सचोटी चांगली हे कोणाला ठाऊक नाही? शाळेच्या फळ्यावर तो सुविचार आपण सर्वांनी वाचलेला आहे. परंतु तोच सुविचार अक्षरशः पाळणाऱ्या माणसाला घरी आणि कचेरीत आपण काय म्हणतो? ‘भला आहे, पण अव्यवहारी आहे.’ या ‘पण’मध्ये आपल्या सार्वजनिक जीवनाचा अर्धा इतिहास सामावलेला आहे, असे मला वाटते. म्हणून सचोटीची थोरवी गाण्याऐवजी या ‘पण’चाच थोडा विचार आपण मिळून करावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

सचोटीचे नाव काढले की मराठी माणसाला प्रथम रामशास्त्री प्रभुणे आठवतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्याबद्दल खुद्द राघोबादादांना दोषी ठरविण्यास हा न्यायाधीश कचरला नाही, आणि पुढे पुणे सोडून निघून गेला. त्या आठवणीने आजही ऊर भरून येतो. परंतु तुमच्या-माझ्या वाट्याला राघोबादादा येत नाहीत. आपल्या वाट्याला येते ती तिकिटाची खिडकी, प्रवासभत्त्याचे बिल, परीक्षेचा पेपर, दुकानातली पावती. इथे इतिहास पाहत नसतो. इथे हरलो तर कोणी दूषण देत नाही, आणि जिंकलो तर कोणी दखल घेत नाही. म्हणूनच ही लढाई, दिसते तितकी सोपी नाही.

रेल्वेचा एक साधा नियम घ्या. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच पूर्ण झाली की बारा वर्षांची होईपर्यंत, स्वतंत्र बर्थ नको असेल तर, अर्धे भाडे पडते. हा नियम मोडणे फार सोपे आहे. मूल अंगाने लहान असले की झाले. ‘कोणी विचारले तर चार सांग हं,’ एवढे एक वाक्य पुरते. ज्या मुलाला पाचवे वर्ष लागल्यापासून आपण मोठे झाल्याचा केवढा अभिमान, त्याच्याच तोंडून आपण लहान असल्याचे वदवून घ्यायचे! आयुष्यातला हा पहिला खोटा जबाब पुष्कळांना आईबापांनीच शिकविलेला असतो, आणि तोही प्रेमाने.

आमच्या घरी हा प्रसंग आला तो दिल्लीहून भुसावळला जाताना. मुलीला पाच वर्षे पुरी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिकीट काढतेवेळी माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “अगं, दिसते तर चारची. कोण विचारणार आहे? आणि ती बसणार तुमच्याच मांडीवर.” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. खरोखरच कोणी विचारले नसते. आम्ही तिकीट काढले, आणि जाऊबाई हसल्या. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, थोडी कीव मात्र होती.

वाचकहो, या माझ्या जाऊबाई लबाड नाहीत, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. भाजीवालीने चुकून दहा रुपये जास्त परत दिले, तर भर उन्हात कोपऱ्यापर्यंत जाऊन ते परत करणाऱ्या त्या बाई आहेत. मग भाजीवालीच्या बाबतीत इतकी चोख असणारी त्यांची सचोटी रेल्वेच्या बाबतीत का सैलावते? मी यावर पुष्कळ विचार केला. मला उत्तर सुचते ते असे, की भाजीवालीला चेहरा आहे, रेल्वेला नाही. भाजीवालीचे दहा रुपये बुडाले तर तिच्या घरी काय होईल हे डोळ्यांपुढे येते. रेल्वेचे बुडाले तर कोणाचेच बुडाले नाहीत असे वाटते. ज्याला चेहरा नाही त्याला फसविल्याने कोणी फसत नाही, असा आपल्या सर्वांचाच एक भोळा समज आहे. आपल्याकडची बहुतेक नियमभंगाची प्रकरणे दुष्टपणातून नव्हे, तर या समजातून जन्माला येतात.

हा समज किती खोटा आहे, हे मला कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही. ते कळले मामंजींकडून. आमचे मामंजी एकेरी मार्गावरच्या एका लहान स्टेशनावर स्टेशनमास्तर होते. एकेरी मार्ग म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांना रूळ एकच. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, एवढ्यावर शेकडो जीव अवलंबून. त्यासाठी त्या काळी दोन्ही स्टेशनांत एकमेकांना जोडलेली यंत्रे असत. पुढच्या मास्तराने संमती दिली की मागच्या यंत्रातून धातूचा एक गोळा बाहेर निघे, आणि तो एक बाहेर असेपर्यंत कोणत्याही बाजूने दुसरा निघत नसे. तो गोळा हाती पडल्याशिवाय ड्रायव्हरने पुढच्या तुकड्यात पाऊल टाकायचे नाही, हा नियम. ड्रायव्हर पुढच्या स्टेशनाच्या मास्तराला ओळखत नसे, कदाचित त्याने त्याला कधी पाहिलेलेही नसे. पण काळोखात, पावसात, तो त्या गोळ्यावर विसंबून निर्धास्तपणे गाडी हाकीत असे. पाठीमागच्या डब्यांत निजलेल्या माणसांना तर गोळा म्हणजे काय याचाही पत्ता नसे.

यंत्र बिघडले तर काय, यासाठीही नियम होते. दोन मास्तरांनी ठरलेल्या शब्दांत निरोपांची देवघेव करायची. पुढच्या मास्तराने आपल्याजवळच्या कागदावरचा एक गुप्त क्रमांक संमतीची खूण म्हणून द्यायचा. तो नोंदवहीत लिहायचा, आणि मगच ड्रायव्हरला लेखी परवाना द्यायचा. एकदा वापरलेला क्रमांक खोडायचा, तो पुन्हा वापरायचा नाही.

एका पावसाळी रात्री यंत्र बंद पडले. मालगाडी येऊन उभी राहिली. पुढच्या स्टेशनावरचे मास्तर मामंजींचे जुने स्नेही. त्यांनी फोनवर सांगितले, “मार्ग मोकळा आहे, सोडा गाडी. क्रमांकांचा कागद सापडत नाही, सापडला की सांगतो. तुम्ही तेवढी जागा कोरी ठेवा.” मामंजी म्हणाले, “कागद सापडू द्या, तोवर गाडी उभी आहे.” कागद सापडायला वेळ लागला. ड्रायव्हर कुरकुरला, स्नेही दुखावले. गाडीला एकोणीस मिनिटे उशीर झाला आणि त्याचा खुलासा मामंजींना लेखी द्यावा लागला.

आता तुम्ही विचाराल, त्या रात्री पुढे काय होते? दुसरी गाडी समोरून येत होती का? तर नाही. मार्ग मोकळाच होता. स्नेह्यांनी सांगितले ते अक्षरशः खरे होते. मामंजी ही हकिकत सांगताना हा भाग कधी गाळत नसत, उलट त्यावरच भर देत. ते म्हणत, “नियम मोडणारा माणूस शंभरातून नव्व्याण्णव वेळा सुखरूप पोहोचतो. तीच तर खरी अडचण आहे. तो दर खेपेला बुडाला असता, तर नियम शिकवायला माणूस लागलाच नसता.”

मला हे वाक्य अनेक प्रवचनांहून मोलाचे वाटते. आपण मुलांना ज्या नीतिकथा सांगतो, त्यांत लबाडाला शेवटच्या परिच्छेदात शिक्षा होते. मूल मोठे होते, जगात वावरते आणि पाहते, तर लबाडाला शिक्षा होत नाही. त्याला बढती होते. मग त्याला वाटते की कथा खोटी होती, म्हणजे तिचे तात्पर्यही खोटे. त्यापेक्षा पहिल्यापासून खरे सांगावे, की सचोटीचे फळ पुष्कळदा दिसतच नाही. जो अपघात झाला नाही, त्याची बातमी वर्तमानपत्रात येत नसते. परंतु अनोळखी माणसांनी एकमेकांवर न पाहता टाकलेला जो विश्वास, त्यालाच आपण नियम म्हणतो. तो जिथे पाळला जातो तिथे माणूस गाडीत झोपू शकतो.

माझ्या स्वतःच्या व्यवसायातही हेच तत्त्व निराळ्या वेषात भेटते. मी भाषांतर करते. मूळ लेखातले एखादे वाक्य दोन-दोन तास दाद देत नाही. ते गाळले तर? वाचकापाशी मूळ नसते, संपादकाला वेळ नसतो. परिच्छेद उलट अधिक सुबकच वाटेल. तीच गोष्ट परवानगीची. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखनाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, आणि भाषांतराचा हक्क त्यातच येतो. एका प्रादेशिक कथेसाठी मी लेखकाच्या वारसांना पत्र पाठविले, मग दुसरे पाठविले. उत्तर येईना. अंकाची पाने थांबत नाहीत, म्हणून तिथे दुसरा मजकूर गेला. काही महिन्यांनी तीच कथा अन्यत्र छापलेली पाहिली, परवानगीचा उल्लेख कोठेही नव्हता. वाचकांनी ती वाखाणली. मला वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. नियम पाळणाऱ्याचे काही नुकसान होत नाही असे जो सांगतो, त्याने तो बहुधा पाळून पाहिलेला नसतो.

परंतु या वाईट वाटण्याबरोबर आणखी एक गोष्ट मनात शिरू पाहते, आणि तिच्यापासून सावध राहिले पाहिजे. ती म्हणजे तुच्छता. ‘मी तेवढा स्वच्छ, बाकी सारे तसलेच,’ हा नियमनिष्ठांचा जुना रोग आहे. यावर औषध म्हणून मला गांधीजींची शाळेतली गोष्ट आठवते. राजकोटच्या शाळेत तपासनीस आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. त्यांतला ‘केटल’ हा शब्द मोहनदासाने चुकीचा लिहिला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावले, की शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरून घे. मुलाच्या ते ध्यानीच आले नाही. बाकी सर्वांचे पाचही शब्द बरोबर आले, आणि मूर्ख ठरला तो एकटा. ही गोष्ट आपण सारे सांगतो, पण तिचा उत्तरार्ध विसरतो. त्या प्रसंगामुळे शिक्षकांबद्दलचा आपला आदर यत्किंचितही कमी झाला नाही, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. मला हा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा अवघड वाटतो.

कोणी म्हणेल, सगळेच नियम काही पूज्य नसतात. अन्यायी नियमही का पाळायचे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही गांधीजींच्याच चरित्रात सापडते. १९३० साली त्यांनी मिठाचा कायदा मोडला. परंतु त्याआधी, २ मार्चला, त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपला बेत कळविला. १२ मार्चला ते निघाले, दिवसाउजेडी, साऱ्या जगाच्या देखत चालत गेले, ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर कायदा मोडला, आणि पुढे तुरुंगवास पत्करला. नियम कोणासाठीच नसावा, अशी त्यांची मागणी होती. पळवाट काढणाऱ्याची इच्छा नेमकी उलट असते. नियम राहावा, इतरांनी तो पाळावा, आणि आपल्यापुरती फट असावी. सगळेच रांग मोडू लागले, तर रांग मोडण्यात लाभ तो काय? पळवाट काढणारा हा नियम पाळणाऱ्यांच्याच जिवावर जगत असतो. नियम चुकीचा वाटला तर उघडपणे तसे म्हणावे, अर्ज करावा, भांडावे. गुपचूप चार वर्षे सांगणे हा काही सत्याग्रह नव्हे.

मग घरात काय करावे? माझ्या अनुभवाने मला तीनच साध्या गोष्टी सुचतात. पहिली ही, की निर्णय आधी करून ठेवावा. खिडकीपाशी उभे राहून तत्त्वचिंतन करू लागले, तर मन नेहमी स्वस्त उत्तर काढते. दुसरी ही, की नकार देताना आवाज चढवू नये. ‘आम्हांला ते जमत नाही’ एवढे म्हणावे; ‘तुम्ही कसे करता?’ असे विचारू नये. आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ही की सचोटीचा खर्च घरखर्चात मांडावा. दूध, भाडे, शाळेची फी, तसाच हाही. महिन्याच्या हिशेबात तो धरलेला असला म्हणजे दर वेळी आपण लुटले गेलो असे वाटत नाही. आपण ज्या विश्वासावर रात्री गाडीत झोपतो, पुड्यावरचे वजन न मोजता घरी नेतो, डॉक्टरांनी दिलेली गोळी न विचारता गिळतो, त्या विश्वासाची ती आपल्या वाटणीची वर्गणी आहे.

वर्गणी लहान आहे. पुष्कळजण ती चुकवितात, आणि त्यांना कोणी विचारीत नाही. तरीही ज्यांना परवडते त्यांनी ती भरीत राहावे. आणि वाचकहो, बारकाईने हिशेब केला तर असे आढळेल, की ती आपल्यापैकी बहुतेकांना परवडते.