ग्रॅनाइटवरचा वसंत

जबलपूरमध्ये खडकबाग करायला खडक आणावे लागत नाहीत. मदन महालच्या टेकडीवर ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत. खडकाच्या सांध्यांतून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात, मऊ झालेला भाग पावसात वाहून जातो आणि मधला टणक गोळा उरतो. या रीतीनं घडलेला तोलावरचा प्रसिद्ध धोंडा, बॅलन्सिंग रॉक, २२ मे १९९७ च्या भूकंपातही जागचा हलला नाही. पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. वनस्पतींकडे पाहणाऱ्या माणसाची नजर मात्र धोंड्यांच्या मधल्या भेगांकडे जाते. तिथं वर्षानुवर्षांचा पालापाचोळा, रेताड माती आणि पावसाचं मुरलेलं पाणी साठलेलं असतं, आणि जबलपूरचा खरा वसंत त्या भेगांतून उगवतो.

शहराच्या पश्चिमेला भेडाघाटजवळ खडक बदलतो. तिथला संगमरवर डोलोमाइटचा, म्हणजे चुना आणि मॅग्नेशियम असलेला. लम्हेटा घाटाच्या खडकथरांनी तर भूशास्त्राला ‘लॅमेटा’ हे नाव दिलं. त्याच थरांत, जबलपूरच्या बडा शिमला टेकडीपाशी, १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जी हाडं मिळाली, ती पुढे डायनासोरची ठरली. या खडकांच्या भोवताली नर्मदेच्या खोऱ्यातली काळी माती आहे. ग्रॅनाइटची भुगी निचऱ्याची आणि किंचित आम्लधर्मी असते, संगमरवराजवळची माती चुनखडीची, तर काळी माती पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. इतक्या जवळजवळ इतक्या वेगवेगळ्या जमिनी मिळणं हे बागकाम करणाऱ्याचं भाग्यच म्हणायचं. तरीही फेब्रुवारीत इथल्या बंगल्यांच्या अंगणात पिटुनिया, फ्लॉक्स आणि डेलिया यांच्याच कुंड्या दिसतात. मार्च सरता सरता त्या करपतात.

इथला वसंत कोरडा असतो, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. वर्षाचा १३०० ते १४०० मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. फाल्गुन येईतो जमिनीचा वरचा थर सुकलेला असतो. युरोपातल्या किंवा उत्तर अमेरिकेतल्या पानगळीच्या जंगलात वसंताची फुलं जमिनीवर असतात. बर्फ वितळलेला असतो, माती ओली असते आणि झाडांना पालवी फुटून सावली दाटण्याआधीच्या थोड्या आठवड्यांत स्नोड्रॉप, अ‍ॅनिमोन, ट्रिलियम यांसारख्या छोट्या वनस्पती फुलून घेतात. जबलपूरच्या रानातही तेवढ्याच काळात भरपूर उजेड असतो, कारण पानं गळलेली असतात. पण जमिनीत ओल नसते. म्हणून फुलण्याचं काम इथं खोडात किंवा खोल मुळांत पाणी राखणारी झाडंझुडपं करतात.

पान गळून पडणं ही त्यातली पहिली पायरी. पानांवाटे होणारा पाण्याचा खर्च थांबला की मुळांनी खालून ओढलेलं थोडंसं पाणीसुद्धा खोडात साठू लागतं. काटेसावरीसारख्या मऊ, हलक्या लाकडाच्या झाडात हा साठा मोठा असतो. खोड पुन्हा पाण्यानं भरलं की कळ्या उमलतात. बाहेर ऊन वाढत असताना आणि महिनोन्‌महिने पाऊस नसताना निष्पर्ण फांद्या फुलांनी लगडतात त्या यामुळे.

खडकाळ जागेचा राजा मी गणेरीला मानतो. तिला सोनसावरही म्हणतात, आणि जबलपूरकडच्या हिंदीत गबदी. झाड बेताचं, फांद्या वेड्यावाकड्या, साल करडी. वर्षातले बरेच महिने तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. मग फेब्रुवारी ते एप्रिल या काळात फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी, झळझळीत पिवळी फुलं येतात. या फुलात मध नसतो. पराग हीच मधमाश्यांची आणि भुंग्यांची मजुरी, आणि तेही सहजासहजी हाती येत नाहीत. परागकोशाच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असतं. काळा भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपनानं पराग छिद्रातून बाहेर उडतात. सकाळी झाडाखाली उभं राहिलं तर उडताना येणाऱ्या गुणगुणीपेक्षा वेगळा, चढा आवाज नीट ऐकू येतो.

गणेरीच्या जोडीला कांडोळ असतं. स्थानिक लोक त्याला कुल्लू म्हणतात. पांढुरकं, गुळगुळीत खोड आणि कागदासारखे सुटणारे सालीचे पापुद्रे यांमुळे चांदण्या रात्री हे झाड दुरून ओळखू येतं. फुलं लहान, हिरवट पिवळी, तांबूस छटेची. त्यांना पाकळ्याच नसतात, दिसतो तो निदलपुंज. पुढे पाच टोकांच्या ताऱ्यासारखी लाल फळं धरतात आणि त्यांच्यावरची लव हाताला चांगलीच झोंबते. कराया नावाचा डिंक याच झाडाचा. पाण्यात तो कित्येक पट फुगतो, म्हणून औषधांत आणि कवळी बसवण्याच्या चिकटपुडीतही वापरतात. या डिंकासाठी सालीवर बेसुमार खाचा पाडल्यानं मध्य भारतातली कांडोळाची कितीतरी झाडं गेली. एवढ्या देखण्या खडकाळ झाडाची आपण फक्त डिंकाच्या भावात किंमत करतो, याचं मला दुःख होतं.

अंगणात लावण्याजोगं झुडूप विचाराल तर धायटी. माणसाच्या उंचीची किंवा थोडी अधिक, फांद्या कमानीसारख्या झुकलेल्या, आणि शिशिर संपता संपता त्या फांद्यांवर खालपासून टोकापर्यंत शेंदरी-लाल नळीदार फुलांची दाटी. लाल दिसते ती निदलपुंजाची नळी, पाकळ्या अगदी क्षुल्लक. जांभळे शिंजीर दिवसभर तिथं घुटमळत राहतात. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं आंबवताना धायटीची फुलं घालतात, त्यामुळे वैद्यांच्या दुकानात ती सुकलेली मिळतात. पण जिवंत झुडूप रोपवाटिकेत शोधायला गेलं तर बहुधा हात हलवत परतावं लागतं. नर्मदेच्या काठावरच्या उभ्या कड्यांवर, जिथं माती टिकत नाही तिथं, धायटी मुळांनी माती धरून ठेवते.

पळसाबद्दल विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि भंडारा, गोंदियापासून शिवनी, मंडलापर्यंतचं रान तर आजही जवळजवळ एकच आहे. काळ्या मातीत, पाणी साचणाऱ्या सखल जागेत इतर झाडं हार मानतात तिथंही पळस तग धरतो, हा त्याचा मोठा गुण. त्याच्या फुलांवर साळुंक्या, बुलबुल, कावळे सगळेच येतात, पण अभ्यासकांना असं दिसलं आहे की परागीभवनाचं काम खऱ्या अर्थानं जांभळा शिंजीर करतो, आणि त्याच्या जोडीला खार.

जमिनीवर मग काहीच फुलत नाही का? फुलतं, पण उशिरा. तिखूर हा हळदीच्या कुळातला कंद. मंडला, अमरकंटक, पचमढीकडच्या रानात उन्हाळ्यात त्याचा गुलाबी फुलोरा पानांआधीच मातीतून वर येतो. उपासाला खातात ते तिखुराचं सत्त्व याच्याच कंदांपासून काढलेलं. वळवाची पहिली सर झाली की नर्विलिया नावाचं ऑर्किड आधी फुलाचा दांडा काढतं आणि फूल सरल्यावर एकुलतं एक पान. ही आपली वनतळीची फुलं. उजेड असतानाच फुलून घ्यायचं, ही रीत त्यांचीही आहे. फक्त आपल्याकडे त्यांना पावसाच्या चाहुलीपर्यंत थांबावं लागतं.

ब्रिटनमध्ये खडकबागेचं वेड मोठं. क्यू उद्यानातली खडकबाग १८८२ सालची, अल्पाइन गार्डन सोसायटी १९२९ ची आणि स्कॉटिश रॉक गार्डन क्लब १९३३ चा. या छंदाला वळण लावणारा लेखक रेजिनाल्ड फॅरर. नुसते टोकदार दगड उभे रोवून केलेल्या बागांवर त्यानं कडक टीका केली, कारण अशा दगडांचा रोपाच्या मुळांना काही उपयोग नसतो. आपल्याकडे रॉक गार्डन म्हटलं की १९७६ साली खुली झालेली नेकचंद यांची चंदिगडची निर्मिती आठवते. ती फार मोठी कलाकृती आहे, पण तिचा विषय शिल्प आहे. वनस्पतींची खडकबाग अजून आपल्याकडे रुजलेली नाही, आणि ती रुजवायला जबलपूरइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

आल्प्समधली किंवा हिमालयातली प्रिम्युला इथं लावण्यात अर्थ नाही. तिला थंड मुळं आणि बर्फाखालची विश्रांती लागते. इथल्या खडकावरच्या झाडांना एप्रिलचं ऊन मारत नाही, ऑगस्टमध्ये साचलेलं पाणी मारतं. त्यामुळे दगड किमान एक तृतीयांश जमिनीत गाडावा, त्याचा वरचा पृष्ठभाग किंचित आत कलता ठेवावा म्हणजे पाणी मुळांकडे जाईल, आणि खाली खडीचा जाड थर द्यावा म्हणजे ते तिथं थांबणार नाही. वरून बारीक खडी पसरली की खोडाचा बुंधा कोरडा राहतो. शेणखत बेतानंच. खतावलेली गणेर पानांनी माजते आणि फुलांत कंजुषी करते.

टेकड्यांवर या झाडांचा मोठा वैरी घाणेरी. ती भेगांतली जागा आणि उजेड दोन्ही बळकावते, तिच्या जाळीखाली कांडोळाचं कोवळं रोप वर येऊ शकत नाही. मोकळ्या पडलेल्या जमिनीवर गाजरगवत पसरतं. तणांवर संशोधन करणारी देशातली केंद्रीय संस्था १९८९ पासून जबलपूरमध्येच आहे, आणि गाजरगवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंगेऱ्यांचा प्रसार हे तिचं एक महत्त्वाचं काम. घाणेरीवर असा रामबाण किडा मिळालेला नाही. ती मुळाच्या गड्ड्यासकट उपटावी लागते आणि पुढची काही वर्षं उगवणारी रोपं वेचावी लागतात.

बियांची वेळ मे आणि जूनची. पळसाच्या चपट्या शेंगा तेव्हा झाडाखाली पडलेल्या असतात. बी वर्षभरात निकामी होतं आणि सोटमूळ झपाट्यानं खोल जातं, म्हणून पिशवीत वाढवण्यापेक्षा पावसाच्या तोंडावर थेट जागेवर टोकावं. गणेरीच्या बोंडातलं बी कापसात गुंडाळलेलं आणि कठीण कवचाचं असतं. कवच जरा घासून रात्रभर पाण्यात ठेवलं की उगवण सुधारते. धायटीचं बी धुळीसारखं बारीक. ते ओल्या रेतीवर नुसतं भुरभुरावं, वर माती लोटू नये. गणेर आणि कांडोळ यांची रोपं पहिल्या वर्षी जमिनीखाली कंदासारखं जाड मूळ करतात आणि हिवाळ्यात वरचा शेंडा वाळतो. अशी वाळलेली रोपं मेली म्हणून फेकून देऊ नयेत, पुढच्या पावसात ती त्याच मुळावर पुन्हा फुटतात.