लोणार : आकाशातला दगड, गुलाबी पाणी आणि वेडं होकायंत्र

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जायचं ठरवलंत, की निघण्याआधीच तुमच्या कानावर नाना गोष्टी पडतील. कुणी म्हणेल, "तिथं होकायंत्र वेडं होतं." कुणी म्हणेल, "तळं एका रात्रीत लाल झालं होतं." कुणी सांगेल, की आकाशातून एक प्रचंड दगड पडला आणि त्या जागी हे तळं तयार झालं. तिन्ही गोष्टी ऐकायला सारख्याच अजब! पण त्यांतली एक आज जगभरच्या पुस्तकांत छापली जाते, एकीचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळालं आणि तिसरी तुम्ही स्वतः तपासून बघू शकता.

जालन्याकडून येत असाल तर वाटेत जिजाऊंचं सिंदखेडराजा लागतं. मेहकरहूनही लोणारला एस.टी. येते. गावात दैत्यसूदनाचं जुनं कोरीव मंदिर आहे, तेही जरूर बघा. विष्णूनं लवणासुराला इथंच मारलं, अशी कथा आहे. लवण म्हणजे मीठ. म्हणजे तळं खारट आहे हे ती कथा रचणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं बरं का!

विवराच्या काठावर उभं राहिलं, की पहिली काही मिनिटं कुणी बोलत नाही. जवळजवळ गोल असा खड्डा, काठापासून काठापर्यंत १८०० मीटरहून थोडा जास्त, खोली सुमारे १५० मीटर. उतारावर दाट झाडी, मधे हिरवट पाणी. काठावर गोमुखाची गोड्या पाण्याची धार वाहते. तिथून पायवाटेनं खाली उतरायचं. माकडं असतात, मोरांचे आवाज येतात आणि जसजसं पाणी जवळ येतं तसतसा एक उग्र वास नाकात शिरतो. काठावर कमळजा देवीचं मंदिर आहे. वासाला नाक मुरडू नका, गंमत पुढेच आहे.

घरून निघताना आईकडून चिमूटभर हळद मागून घ्या. ती ओली करून कागदाच्या पट्टीला चोळा आणि वाळवा. झालं तुमचं उपकरण तयार! पट्टीचं टोक तळ्याच्या पाण्यात बुडवलं, की पिवळ्याचं लालसर होतं. हळदीत चुना घातल्यावर होतं ना, तसंच. पाणी क्षारीय आहे याची ही खूण. पाण्याची आम्लता-क्षारता मोजायची जी पट्टी असते, तिच्यावर शुद्ध पाणी ७ वर येतं आणि हे तळं साधारण १० वर! अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथातही इथल्या, साबणाला आणि काचेला लागणाऱ्या क्षारांची नोंद आहे. (पट्टी मात्र खिशात घालून परत आणायची. लोणार २००० सालापासून अभयारण्य आहे.)

अशा पाण्यात कोण जगणार? डोळ्यांना न दिसणारे जीव खच्चून भरलेले आहेत. जून २०२० मध्ये तळं अचानक गुलाबी झालं, तेव्हा तर्कांचा पाऊस पडला. वन विभागानं पाण्याचे नमुने प्रयोगशाळांकडे पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत उलगडा झाला : मिठाची आवड असणारे 'हॅलोआर्किया' नावाचे सूक्ष्मजीव! उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले, या मंडळींची चंगळ झाली आणि त्यांच्या अंगातल्या गुलाबी रंगानं तळं रंगलं. हे जीव खाली बसले की पाणी पुन्हा बिनरंगी होतं, हेही तिथं दिसलं. त्याच वर्षी लोणारला 'रामसर' पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला.

आता आकाशातल्या दगडाकडे वळू. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या तळ्याची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षं बहुतेक शहाणी माणसं म्हणत होती, की हे ज्वालामुखीचं काम! त्यांचंही चुकत नव्हतं. अवतीभवती सगळा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट; तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच. मग खड्डाही लाव्हाचा असणार, असं कुणालाही वाटेल. दगड पडून एवढा खड्डा? ती वेडगळ कल्पना वाटायची.

निकाल लावला तो एका काचेच्या कणानं. भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी तळ्याच्या तळात भोकं पाडली. वरचा गाळ ओलांडून ड्रिल खाली गेलं, तेव्हा चिरडलेला खडक वर आला. त्यात होतं मॅस्केलिनाइट. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचे स्फटिक असतात. त्यांना भयंकर जोराचा धक्का बसला, तर आतली रचना कोलमडते आणि स्फटिकाची काच होते. पण बाहेरचा आकार तसाच राहतो! ज्वालामुखी दगड वितळवू शकतो, असा धक्का देऊ शकत नाही. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं आणि लोणार हे अशनिपाताचं विवर ठरलं. पुढे २०१९ मध्ये इथल्या खडकातल्या क्रोमियममध्येही आकाशातून आलेल्या पाहुण्याची खूण मिळाली.

आणि ऐका, मॅस्केलिनाइट पहिल्यांदा सापडलं कुठं? बिहारमधल्या शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या अशनीत! तो अशनी मंगळावरून आलेला आहे, हे शास्त्रज्ञांनी पुढं शंभरेक वर्षांनी ओळखलं. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसॉल्टची मैदानं, मंगळावरही बेसॉल्ट भरपूर. बेसॉल्टमध्ये झालेलं इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर दुसरं नाही. म्हणून लोणारचे दगड अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत जातात. त्यांतून निघणारी उष्णता उपकरणांनी मोजतात आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांच्या नोंदींशी ताडून बघतात. मला तर चंद्राचं तिकीट काढण्यापेक्षा मेहकरची एस.टी. बरी वाटते.

विवराचं वय किती, यावर मात्र दोन घड्याळं भांडली. १९९७ मध्ये एका पद्धतीनं उत्तर आलं ५२ हजार वर्षं. या पद्धतीत काचेला तापवून तिच्यात साठलेला उजेड मोजतात. काच जितकी जुनी, तितका उजेड जास्त. २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या घड्याळानं सांगितलं, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं! दगडातलं किरणोत्सारी पोटॅशियम अगदी सावकाश आर्गॉन बनवतं. दगड वितळला की जुना आर्गॉन निसटतो आणि घड्याळ शून्यावर येतं. मग कोण खरं? साठलेला उजेड हळूहळू गळूही शकतो आणि मग वय कमी भरतं. उलट जुना आर्गॉन पुरता निसटला नसेल तर वय जास्त भरतं. २०११ च्या संशोधकांनी तोही हिशेब धरला होता. म्हणून आज अनेक जण मोठ्या आकड्याकडे झुकतात. मला या भांडणाची मजा वाटते, कारण दोन्ही बाजूंनी आपण कसं मोजलं ते उघड मांडलं आहे.

राहिलं होकायंत्र. ते खरंच वेडं होतं का? पटकन हो म्हणू नका, नाही पण म्हणू नका. मोठ्या माणसांच्या मोबाइलमध्ये चुंबकीय बळ मोजणारा बारीकसा सेन्सर असतो, ते दाखवणारं ॲप घ्या. आपल्या भागात आकडा साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला येतो. आधी घरी मोजा, मग एस.टी. स्टँडवर (लोखंडी बाकापासून लांब!), मग विवराच्या काठावर, मग खाली. प्रत्येक ठिकाणी पाच वेळा मोजून वहीत लिहा. खडकाला अगदी चिकटवून एकदा आणि दोन हात दूर धरून एकदा. काळ्या कातळात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय खनिज असतंच, त्यामुळे खडकाजवळ सुई थोडी हलली तर नवल नाही. त्यासाठी अशनी लागत नाही. खात्री करायची तर एक जोरदार चुंबक दोऱ्याला टांगा आणि घरच्या काळ्या दगडाच्या पाट्याजवळ हळूच न्या. चुंबक किंचित ओढला जातो का, बघा. मात्र मधल्या मोकळ्या वाटेवर, खडकापासून दूर, सुई गरगर फिरली, तर ती वही मला जरूर दाखवा!

परतण्याआधी उत्तरेला, साधारण ७०० मीटरवरचं अंबर तळंही बघून या. ते लहान आहे. तिथल्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची आहे, असं गावकरी सांगतात. मोठ्या अशनीचा एक तुकडा सुटून इथं पडला आणि हे तळं झालं, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. बाकीचे विचारतात, मग तो मॅस्केलिनाइटसारखा पुरावा कुठाय? यावर अजून एकमत झालेलं नाही.