बोटीचं वजन, लाटेची उंची

त्र्यंबकेश्वरहून निघालेली गोदावरी नाशिकच्या अलीकडे गंगापूरच्या मातीच्या धरणात थबकते. तिथल्या जलाशयात बोटीत बसायला मिळालं, तर वजनाची करामत ध्यानात घ्या.

वेकबोर्डिंगच्या खेळात मोटारबोटीमागे दोर धरून, फळीवर उभं राहून लाटेवरून उड्या मारतात. लाट मोठी उठावी म्हणून काही जण बोटीत जाड पिशव्या ठेवून पंपाने पाणी भरतात. बोट खोल बसते, जास्त पाणी सारते, लाट उंचावते.

पण २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, म्हणजे ४० किलोची पाच मुलं! तेवढी माणसं कमी घ्यायला हवीत. नाहीतर पाणी काठावरून आत शिरेल. वजन एका बाजूला गेलं तर बोट कलंडेल. म्हणूनच नावाडीकाका ‘खाली बसा’ म्हणाले, की लगेच बसायचं. आणि लाइफ जॅकेट? ते काठावरच घालायचं!