मोड

मे सरत आला की बदलापूर स्टेशनबाहेर जांभळं येतात. आसपासच्या पाड्यांवरच्या बाया सकाळी पाट्या उतरवतात आणि पानांवर वाटे लावून बसतात. इथल्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. वाटा मात्र अजून मुठीनेच लागतो.

त्या सकाळी पुतणी बरोबर होती. नुकतीच दहा वर्षांची झालेली. सवयीने मी मोबाइल काढला, तर बाई म्हणाली, "फोन नको दादा, रोख द्या. भवानी व्हायचीय." खिशात पाचशेची एकच नोट.

"मोड न्हाई ओ."

पुतणीने माझी बाही ओढली. "काका, मोड म्हणजे? मटकीला येतात ते?"

मी हसलो, आणि मग हसू आवरलं. या पोरीने पैशाला मोड आलेली पाहिलीच नव्हती. तिच्या घरी दूध, भाजी, रिक्षा सगळं 'टिंग' वाजून मिटतं. आमच्या लहानपणी वडील पगाराची नोट दोन-दोन दिवस मोडायचे नाहीत. 'नोट मोडली की संपली' हे घरातलं अर्थशास्त्र. मोडलेली नोट खिशात खुळखुळायची, आणि खुळखुळ कमी होत गेली की पोरांनाही कळायचं, महिनाअखेर आली. टिंग मात्र महिन्याच्या एक तारखेला आणि तीस तारखेला सारखंच वाजतं.

शेवटी शेजारच्या वडापाववाल्याने मोड दिली. दोन वाटे घेतले. जांभळ्या जिभेने पुतणीने घरापर्यंत मोडीचंच काढलं: पाचशेचे किती शंभर, शंभराचे किती वीस, आणि मोडल्यावर ते परत पाचशे का होत नाहीत.

मी परळला चाळीत वाढलो. शाळेत संचयिका होती. शनिवारी बाईंकडे आठ आणे, रुपया द्यायचा. पासबुकात आकडा चढायचा. काटकसर वगैरे काही कळत नव्हतं. वर्गात आपला आकडा मोठा असावा, एवढीच ईर्ष्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी चौथीत होतो. अडीच लाख कामगारांत एक माझे वडील. आधी वाण्याची उधारी थांबली. मग आईने एक पाटली मोडली, मग दुसरी. 'मोडणे'चा हा अर्थ मला तेव्हा कळला. पुढे एका शनिवारी मी पैसे भरायला नाही, काढायला गेलो. सत्तावीस रुपये. लाज वाटायला हवी होती, पण माझ्यापुढे आणखी चार पोरं पासबुकं घेऊन उभी होती. बाई खाली मान घालून सह्या घेत होत्या. त्या पैशांचं रेशन आलं. त्या रात्री आईने पहिली भाकरी वडिलांच्या ताटात न वाढता माझ्या ताटात वाढली, काही न बोलता. पैशाबद्दल मला कोणी कधी काही शिकवलं असेल, तर ते तेवढंच.

तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. काही वर्षांनी परळ सुटलं आणि आम्ही बदलापूरला आलो. पूर्वी इथे प्रवासी घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर, असं म्हणतात. आम्ही अख्खं आयुष्यच बदललं. आमच्यासारखे शेकडो आले. अंथरूण जिथे पुरतं, तिथे येऊन पाय पसरले. मुंबईच्या सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर.

गेल्या महिन्यात पुतणीने विचारलं होतं, "आपण एवढ्या लांब का राहतो?" तिची आई सकाळची लोकल पकडते ती रात्री आठनंतर उगवते. मी वही घेतली. तिकडच्या घराचा हप्ता, इकडच्या घराचा हप्ता, मधला फरक. मग दुसऱ्या रकान्यात जायचा दीड तास, यायचा दीड तास. ती बराच वेळ दुसऱ्याच रकान्याकडे बघत राहिली. पहिल्याबद्दल तिने एकही प्रश्न विचारला नाही. आकड्यांच्या भाषणांवर माझा विश्वास तेव्हापासून जरा कमीच झालाय. 'थेंबे थेंबे तळे साचे' मी तिला ऐकवलेलं नाही. उल्हास नदीकाठी राहणाऱ्या पोरीला थेंबांचं काय होतं ते चांगलं माहीत आहे. ते दर पावसाळ्यात दारापर्यंत येतात.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं काढता येतं, स्वतःच्या सहीने. जांभळांच्या दुसऱ्या दिवशी तिने मातीचा गल्ला फोडला. दिवाळीची ओवाळणी, आत्याचे एकशे एक, आजीच्या सुपारीबरोबरचे अकरा. ढीग लावले, मोजले, पुन्हा मोजले. खात्याला पाचशे पुरतात, हे ऐकून ती खट्टू झाली. तिला सगळेच भरायचे होते. सही मात्र वहीची तीन पानं भरून गिरवली.

निघताना पाहिलं, तर पन्नासाची एक नोट तिने बाजूला काढून मुठीत धरली होती.

"ही नाही भरायची?"

"ही मोडायचीय," ती म्हणाली. "पाऊस आला की जांभळं जातात ना? आणि आईने यंदा अजून खाल्लीच नाहीत."

आकाश दक्षिणेकडून भरून येत होतं. आम्ही पोस्टाआधी स्टेशनकडे वळलो.