कापलेला शेवट

त्या व्हिडिओचा शेवट मी फार उशिरा पाहिला. तो लवकर पाहिला असता तर, हा विचार आजही झोपू देत नाही.

जून 2018. आम्ही धुळ्याचे, मुलगा सहा वर्षांचा, आणि पोरं पळवणारी टोळी आल्याची चर्चा किराणा दुकानापासून रिक्षास्टँडपर्यंत. रात्री भांडी आवरून फोन घेतला, तर नणंदेनं व्हिडिओ पाठवलेला. गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत. मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. खाली मजकूर : टोळी आपल्या भागात शिरली आहे, मुलांना सांभाळा.

मी तो तीनदा पाहिला. चित्र अंधूक होतं, म्हणूनच जास्त खरं वाटलं. कुणी मुद्दाम केलं असतं तर नीट दिसेल असं केलं असतं, असं मनात आलं. उचललेल्या पोराच्या जागी मला माझाच मुलगा दिसला. सोसायटी, माहेर आणि शाळेतले पालक, अशा तीन ग्रुपवर मी तो पाठवला. लगेच हात जोडलेले इमोजी आले. कुणाचं तरी मूल वाचवल्यासारखं वाटलं.

1 जुलैला, रविवारी, आमच्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर जगणारी पाच माणसं तिथे आली, बहुतेक मंगळवेढ्याकडची. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढंच निमित्त. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. त्या मारहाणीचे व्हिडिओही माझ्याच फोनवर आले, त्याच ग्रुपवर.

मग कुणीतरी नणंदेनं पाठवलेला तो व्हिडिओ पूर्ण दाखवला. तो कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी एका संस्थेनं जनजागृती म्हणून केलेला. पुढे तीच मोटरसायकल परत येते, पोरगं सुखरूप खाली उतरतं. मग एक फलक कॅमेऱ्यापुढे धरला जातो : कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. कुणीतरी नेमका हाच भाग कापला. पोरगं उतरतं तिथे मी कितीदा तरी व्हिडिओ थांबवलाय. पाय जमिनीला लागलेले दिसतात. कापणाऱ्यानंही ते पाहिलेच असणार. पाहून कापलं!

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. मी तर तीनच ठिकाणी पाठवला होता.

नवरा म्हणतो, तुझा व्हिडिओ राईनपाड्यात पोचला कशावरून? नसेलही. पण पोचला नाही असं छातीठोक कसं सांगू? पारावर अफवा यायची तेव्हा सांगणाऱ्याचं तोंड तरी दिसायचं, तुला कुणी सांगितलं म्हणून विचारता यायचं. चित्राला असं कुणी विचारत नाही. डोळ्यांनी पाहिलं म्हणतात आणि तिथेच विषय संपतो. शाळेत पोरांना हे शिकवायला हवं : आधी कुठलं, कधीचं, पुढे काय झालं ते शोधा, मग पाठवा.

मी स्वतः तसंच करते, असं सगळ्यांना सांगत आले. गेल्या महिन्यात हरवलेल्या मुलीचा फोटो आला. लाल फ्रॉक, दोन वेण्या. खालचा नंबर तीनदा लावला, बंद होता. फोटो कधीचा, कुठला, काहीच कळलं नाही.

खरंच हरवली असेल तर? रात्री साडेअकराला मी तो पुढे पाठवला.